खडकीचे काडतूस आणि दायित्वाची कल्पना

मराठीत ‘दोष’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी योजला जातो. काडतुसाच्या पितळेत चीर असली तर तो काडतुसाचा दोष होय. आणि ज्याच्या हयगयीमुळे ती चीर राहिली त्याच्या माथी येतो तोही दोषच. वस्तूतील उणीव आणि माणसाचा अपराध यांच्यात भाषा येथे भेद करीत नाही. ‘वस्तू सदोष आहे, पण दोषी कोणीच नाही’ हे वाक्य मराठी कानाला विसंगत वाटते. तथापि वस्तूंच्या दायित्वाविषयीचा आधुनिक कायदा नेमक्या याच वाक्यावर उभा आहे. निर्मात्याने हयगय केली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून, वस्तूच्या आराखड्यातच धोका होता काय आणि तो वेळीच टाळता आला असता काय, एवढेच तो कायदा विचारतो. साहजिकच विचाराची वेळ अलीकडे ओढली जाते. अपघातानंतर न्यायालयात जे विचारले जाणार ते वस्तू कागदावर असतानाच स्वतःला विचारणे निर्मात्याला भाग पडते.

ही कल्पना अलीकडची व परदेशातून आलेली आहे असे सामान्यतः समजले जाते. कायद्यापुरते ते खरेही आहे. परंतु कायदा आणि कारखान्याची रीत या दोन गोष्टी नेहमीच एका वेळी जन्माला येत नाहीत. पुण्याच्या वायव्येस मुळा नदीच्या काठी असलेल्या खडकी येथील दारूगोळ्याच्या कारखान्याचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर तेथे आराखड्यातील धोका आधी शोधण्याची एक काटेकोर पद्धत कायद्याच्या कितीतरी आधी रुजलेली दिसते. त्याचबरोबर असेही दिसते की, ज्याला इजा होईल त्याला या पद्धतीकडून कसलेही उत्तर मिळण्याची सोय नव्हती. या विसंगतीची मुळे शोधण्यासाठी खडकीचा कारखाना निघण्याच्या थोडे मागे गेले पाहिजे.

१८५३ साली एन्फील्ड बंदुकीची ग्रीज लावलेली काडतुसे हिंदुस्थानच्या हवेत टिकतात की नाही हे पाहण्यासाठी इंग्लंडहून पाठविण्यात आली. कसोटी हवेची होती; ग्रीज उष्णतेने वितळते काय, दारूत मुरते काय, एवढेच तपासायचे होते. त्याच सुमारास बंगाल सैन्याचे ॲड्ज्युटंट-जनरल कर्नल टकर यांनी लेखी सूचना केली की, या ग्रीजमधील पदार्थ शिपायांच्या धर्मभावनेस बाधक नाहीत याची खात्री झाल्याखेरीज ही काडतुसे देशी पलटणींना चाचणीसाठी देणे इष्ट नाही. ही सूचना लष्करी मंडळाकडे गेली आणि तेथेच राहिली. काडतुसे शिपायांच्या कमरेच्या पेट्यांतून महिनोन्‌महिने फिरविण्यात आली, कोणी तक्रार केली नाही, आणि चाचणी समाधानकारक ठरली. पुढे जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे काय घडले आणि त्याचे पर्यवसान कशात झाले हे सर्वश्रुत आहे. उठावाची कारणे अनेक होती आणि केवळ काडतुसाने राज्य डळमळले असे कोणताही विवेकी इतिहासकार म्हणणार नाही. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घटनेतील एक गोष्ट फार मोलाची आहे. धोका ओळखला गेला नव्हता असे नाही. तो चार वर्षे आधी, वस्तू चाचणीच्या अवस्थेत असताना, अचूक शब्दांत ओळखला गेला होता. ज्याने तो ओळखला त्याला आराखडा बदलण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना अधिकार होता त्यांच्या प्रश्नपत्रिकेत तो प्रश्नच नव्हता. हवेच्या कसोटीला उतरलेली वस्तू माणसांच्या कसोटीला उतरेलच असे गृहीत धरले गेले.

खडकीची निवड १८५७ नंतरच्या बंदोबस्ताचा भाग म्हणून समजून घ्यावी लागते. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर येथे इंग्रजांची छावणी वसली होती. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन मुंबई बंदर पुण्याशी थेट जोडले गेले. समुद्रापासून सुरक्षित अंतरावर, पण बंदराशी जोडलेले, गोऱ्या पलटणीच्या शेजारचे आणि नदीच्या पाण्याचे असे हे ठिकाण होते. १८६९ साली तेथे लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना सुरू झाला. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच्या आदल्याच वर्षी, १८६८ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपीय राष्ट्रांनी चारशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे स्फोटक किंवा ज्वालाग्राही प्रक्षेपक युद्धात न वापरण्याचा करार केला होता. वस्तूच्या रचनेलाच कायद्याने घातलेली ही आधुनिक काळातील पहिली महत्त्वाची मर्यादा होय. खडकीचा कारखाना जन्मला तोच मुळी गोळीच्या आराखड्याला कायद्याचा स्पर्श झालेल्या जगात.

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, ‘तोफ’ तुर्कीतून, ‘कारखाना’ फारसीतून. ‘दारू’ या शब्दाचा फारसीतील मूळ अर्थ औषध असा आहे. मराठ्यांच्या शस्त्रागाराचा अर्धा शब्दसंग्रह असा उसना आहे. तपासणीचा आणि हिशेबाचा शब्दसंग्रह मात्र याहून जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाने कारागिरांकडून शस्त्रे करवून घेताना कामाचे प्रमाण, मुदत, वेतन आणि निष्पत्ती ही आधीच ठरवावीत असे सांगितले आहे. आणि कारागिरांविषयीच्या प्रकरणात, सांगितल्याहून वेगळे काम करणाऱ्याचे वेतन बुडावे व वर दंड व्हावा असा नियम आहे. येथे जबाबदारी आहे, पण ती नमुन्यापासून ढळणाऱ्या कारागिराची आहे. नमुनाच घातक असला तर काय, हा प्रश्न त्या ग्रंथाने विचारलेला नाही, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत तो इतरत्रही फारसा विचारला गेला नाही.

सुरुवातीच्या खडकीतील काडतूस स्नायडर बंदुकीचे होते. वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक कर्नल बॉक्सर यांनी १८६६ च्या सुमारास त्याची रचना केली होती. त्याचे कवच अखंड पितळेचे नव्हते. पातळ पितळी पत्रा गुंडाळून त्याची नळी केलेली असे व तिला लोखंडी बूड जोडलेले असे. स्वस्त, हातांनी करता येण्याजोगी आणि त्या काळाच्या यंत्रसामग्रीला झेपणारी अशी ही रचना होती. तिच्यातील उणीव कारखान्यात दिसत नसे. मार्टिनी-हेन्री बंदुकीतही तोच गुंडाळलेला पत्रा कायम राहिला; आणि सुदानच्या मोहिमेत जानेवारी १८८५ मध्ये अबू क्लीच्या लढाईत, तापलेल्या व धुळीने माखलेल्या बंदुकांत हा पत्रा चिकटून बसू लागला, बूड निघून येई आणि नळी आत राही. सैनिक शत्रूसमोर निःशस्त्र झाला. यानंतर अखंड ओढलेल्या पितळेच्या कवचाकडे वळण्यात आले. येथे कारागिराचा काही अपराध नव्हता; प्रत्येक काडतूस नमुन्याबरहुकूम होते. दोष नमुन्यात होता. वस्तुनिर्मितीच्या कायद्यात पुढे ‘निर्मितीतील दोष’ आणि ‘आराखड्यातील दोष’ असा जो भेद केला गेला, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

हा भेद लष्करी कारखान्यांनी तत्त्वरूपाने मांडला नाही, पण रीतीत उतरविला. त्या रीतीचा गाभा म्हणजे ‘मोहरबंद नमुना’. एखाद्या वस्तूची रचना मान्य झाली की तिचा एक नग लाखेच्या मोहरेने बंद करून जपून ठेवीत, आणि पुढे होणारा प्रत्येक नग त्याच्याशी ताडून पाहत. नंतर नगाच्या जागी रेखाचित्रे व तपशीलपत्रे आली, पण शब्द टिकला. आजही भारतीय संरक्षण खात्यात प्रत्येक शस्त्रास्त्राचा मोहरबंद तपशील जिच्या ताब्यात असतो अशी एक अधिकृत संस्था नेमलेली असते. तिच्या संमतीवाचून रेखाचित्रातील एक रेषाही हलविता येत नाही. दारूगोळ्याची गुणवत्ता पाहणारे नियंत्रणालय आणि लष्करी स्फोटकांचे नियंत्रणालय, ही दोन्ही खडकीतच आहेत. म्हणजे काडतूस करणारा हात आणि काडतुसाच्या आराखड्यावर मोहर लावणारा हात एकाच उपनगरात, पण मुद्दाम एकमेकांपासून वेगळे ठेवलेले. या विभक्तपणात एक मोठे शहाणपण होते. जो करतो त्यानेच आपल्या कामाची परीक्षा करू नये, हा तो विचार होय.

मोहरबंद नमुन्याची दुसरी बाजू म्हणजे खूण. खडकीच्या काडतुसाच्या बुडावर कारखान्याची इंग्रजी आद्याक्षरे, सरकारी बाणाची खूण आणि वर्ष कोरलेले असे; पेटीवर गटाचा क्रमांक असे. हजारो मैलांवर एखादे काडतूस फुटले किंवा फुटले नाही, तरी ते कोणत्या गटातले, त्या गटाची दारू कोठली, तपासणी कोणी केली, हे मागे जाऊन शोधता येई आणि गटाचा गट परत मागविता येई. रणांगणातील वाळूत सापडलेले रिकामे कवच खडकीच्या नोंदवहीतील एका ओळीला उत्तर मागू शकत असे. येथे ‘उत्तर’ हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा आहे, कारण ‘जबाबदारी’ या शब्दाचे पोट तेच आहे. जबाब देण्याचे ओझे ज्याच्यावर, तो जबाबदार. त्या मानाने ‘दायित्व’ हा संस्कृतोद्भव शब्द कायद्याच्या परिभाषेने पुढे आणला आणि त्यात ‘देणे’ अभिप्रेत आहे, उत्तर नव्हे. या दोन शब्दांमधील अंतर पुढील इतिहासात फार जाणवते. खडकीच्या नोंदवह्या जबाब देण्यासाठी उत्कृष्ट होत्या. पण तो जबाब वरिष्ठ कचेरीला द्यावयाचा असे, आणि देणे तर कोणालाच द्यावयाचे नसे.

उष्ण हवेचा प्रश्न या रीतीनेच हाताळला गेला. १८९१ च्या सुमारास कॉर्डाइट ही धूरहीन दारू ब्रिटिश सैन्यात आली. नायट्रोग्लिसरीन व गनकॉटन यांपासून होणारी ही दारू साठवणीत हळूहळू विघटित होते, आणि उष्णतेबरोबर विघटनाचा वेग वाढतो. थंड हवेत वर्षानुवर्षे निर्धोक राहणारी वस्तू येथे लवकर अस्थिर होऊ शकते. म्हणजे तोच आराखडा, तीच कृती, परंतु देश बदलताच धोका बदलतो. १९०८ साली नैनीताल येथे रासायनिक तपासनीसाची कचेरी उघडण्यात आली. तिच्यातूनच पुढे पुण्यातील स्फोटक-संशोधनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा वाढली. दारूचा नमुना ठराविक तापमानात ठेवून तिचे आयुष्य आधी अजमावण्याची कसोटी हे जोखमीचे पूर्वमापनच होय. (मराठीत ‘जोखीम’ म्हणजे धोका, आणि जपून न्यावयाचा मौल्यवान ऐवज म्हणजेही ‘जोखीम’. दारूगोळ्याच्या कोठाराला दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात.)

आतापर्यंत पाहिलेल्या उदाहरणांत धोका वापरणाऱ्याला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातच असे एक काडतूस तयार झाले की ज्याचा आराखडा, वस्तू म्हणून निर्दोष असूनही, कायद्याने बाद केला. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत .३०३ च्या नव्या गोळीने शत्रू थांबत नाही अशी तक्रार झाली. डमडम येथील कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरील आवरण काढून शिसे उघडे ठेवले, म्हणजे शरीरात शिरताच ती पसरेल. तिराहच्या मोहिमेत (१८९७–९८) ही गोळी वापरण्यात आली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव आला तेव्हा ब्रिटनने विरोध केला, अमेरिकेनेही केला. जनरल आर्डाघ यांनी हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील गरजांचा हवाला दिला. ठराव तरी संमत झाला आणि १९०७ साली ब्रिटनने तो मान्य केला. अशा गोळ्यांची यंत्रसामग्री, साठा आणि त्यामागचा विचार हे सारे निरुपयोगी ठरले. सेंट पीटर्सबर्गचा करार तेव्हा तीस वर्षांचा होता आणि अनावश्यक यातना देणारी शस्त्रे त्याज्य होत हे तत्त्व त्याच्या प्रस्तावनेत होते. डमडममधील रेखाटनफळ्यावर ते तत्त्व कोणी समोर ठेवले असते तर पुढील सारी नामुष्की टळली असती, असे आज म्हणता येते. त्या काळी कारखान्यात कायदेपंडिताला जागाच नव्हती. १९७७ च्या जिनीव्हा प्रोटोकॉलच्या छत्तिसाव्या कलमाने ती जागा निर्माण केली: नव्या शस्त्राचा अभ्यास, विकास किंवा स्वीकार करीत असतानाच ते कायद्यास धरून आहे काय हे प्रत्येक राष्ट्राने ठरवावे. आराखड्याच्या अवस्थेतच कायदेशीर परीक्षा व्हावी असे स्पष्ट शब्दांत सांगणारा हा नियम शस्त्रांच्या क्षेत्रात आला, हे विशेष आहे. भारत त्या प्रोटोकॉलचा पक्ष झालेला नाही.

राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा असा गोळीच्या टोकापर्यंत पोचत असताना देशातील कायदा मात्र कारखान्याच्या कुंपणाशी थांबला होता. १८५५ च्या प्राणघातक अपघातविषयक कायद्याने मृताच्या कुटुंबीयांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क दिला होता. पण अपराधी जर सरकार असेल तर? या प्रश्नावरील सर्वात प्रसिद्ध निर्णय एका सरकारी कारखान्याच्या दारातच घडला. कलकत्त्याच्या किदरपूर गोदीत आगबोटीच्या दुरुस्तीसाठी सरकारी मजूर लोखंडाचा एक अवजड तुकडा रस्त्यातून वाहून नेत होते. मागून येणाऱ्या गाडीला वाट देण्याच्या गडबडीत तो खाली पडला, आवाजाने घोडा बुजला व जखमी झाला. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल कंपनीने दावा लावला. १८६१ च्या निर्णयात सर बार्न्स पीकॉक यांनी कंपनी सरकारच्या कृत्यांचे दोन वर्ग केले: जी सार्वभौम सत्तेखेरीज कोणालाच करता येणार नाहीत ती, आणि जी खाजगी व्यक्तीही करू शकेल ती. गोदीतील दुरुस्ती दुसऱ्या वर्गातली ठरली व कंपनीला भरपाई मिळाली. एका घोड्याच्या दुखापतीतून निघालेल्या या भेदाने पुढे शंभर वर्षे भारतीय माणसांच्या दाव्यांचे भवितव्य ठरविले.

काडतुसे करणे हे यांपैकी कोणत्या वर्गात बसते? आगबोटीची दुरुस्ती खाजगी गोदीत होऊ शकते. तोफगोळा खाजगी कारखान्यात होऊ दिला जात नव्हता. १९४८ आणि १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावांनी शस्त्रास्त्रे व दारूगोळा ही केंद्र सरकारची मक्तेदारी म्हणून राखून ठेवली. या मक्तेदारीने पीकॉक यांच्या कसोटीनुसार खडकीला आपोआप सार्वभौम वर्गात ढकलले असे म्हणण्यास बराच आधार आहे. स्फोटकांविषयीच्या १८८४ च्या कायद्यातही सैन्याच्या दारूगोळा कारखान्यांना बहुतेक तरतुदींतून वगळलेले आहे. ज्याच्या हाताखाली देशातील फार मोठा स्फोटक साठा, तोच परवान्याच्या नियमांबाहेर. याचा अर्थ नियम नव्हते असा नव्हे. अंतर्गत नियम होते, आणि ते खाजगी फटाक्यांच्या कारखान्यांच्या नियमांहून कडक होते. पण अंतर्गत नियम मोडला गेला तर दाद मागावयाची ती अंतर्गतच.

एका वर्गाला मात्र कायद्याने लवकर आत घेतले, तो म्हणजे कामगार. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने मालकाचा अपराध सिद्ध न करताही इजेची भरपाई देऊ केली, आणि त्या कायद्यापुरते सरकारी खात्याचे काम हा त्याचा धंदाच मानावा असे एका कलमात सांगून टाकले. ही कायद्यातील कल्पित गोष्ट फार महत्त्वाची आहे. खडकीच्या यंत्रशाळेत बोट गमावणाऱ्या मजुरासमोर सरकार हे राजा नसून धंदेवाला होते. तेच काडतूस कुंपणाबाहेर गेल्यावर ज्याच्या हातात फुटे, त्या शिपायासमोर किंवा गोळीबाराच्या मैदानात न फुटलेला गोळा भंगार म्हणून उचलणाऱ्या गावकऱ्यासमोर ते पुन्हा राजा होई. १९३० च्या मालविक्री कायद्याने वस्तू योग्य असण्याची हमी दिली ती फक्त ग्राहकाला. शिपाई ग्राहक नव्हता. १९३२ मध्ये इंग्लंडच्या लॉर्डसभेने डोनोह्यू खटल्यात निर्मात्याचे कर्तव्य अंतिम उपभोक्त्यापर्यंत नेले तरी येथील सरकारी वस्तूंना त्याची झळ लागली नाही.

स्वातंत्र्यानंतर ही भिंत पडावी अशी अपेक्षा होती. विधी आयोगाने १९५६ साली आपला पहिलाच अहवाल राज्याच्या अपकृत्य-दायित्वावर सादर केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यावती प्रकरणात सरकारी जीपच्या अपघाताबद्दल राज्यास जबाबदार धरले. परंतु लगेच कस्तुरीलाल प्रकरण आले. पोलिसांनी जप्त केलेले सोने एका हेड कॉन्स्टेबलने लांबविले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या, १९६५ च्या वृत्तांतात प्रसिद्ध झालेल्या निर्णयाने हे सार्वभौम अधिकाराच्या वापरात घडले म्हणून दावा फेटाळला. गजेंद्रगडकर हे डेक्कन कॉलेज आणि पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. संविधानाच्या ३०० व्या कलमाने जुन्या कायद्याशी घातलेली गाठ सोडविणे न्यायालयाच्या हाती नाही असे त्यांना वाटले, पण ही स्थिती समाधानकारक नाही व संसदेने कायदा करावा हेही त्यांनी त्याच निर्णयात सांगितले. तसे विधेयक १९६५ व १९६७ मध्ये मांडले गेले आणि बारगळले. पुढे १९९४ च्या नागेंद्र राव निर्णयाने सार्वभौम व असार्वभौम या भेदाचा पाया पुष्कळच ढिला केला. तरी संसदेचा कायदा झाला नाही तो नाहीच.

आराखड्याचे कर्तव्य भारतीय कायद्यात प्रथम स्पष्ट शब्दांत आले ते भोपाळच्या राखेतून. डिसेंबर १९८४ च्या त्या दुर्घटनेनंतर, आणि दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांवर निरपवाद दायित्व घातल्यानंतर, १९८७ साली फॅक्टरी कायद्यात सातव्या कलमापाठोपाठ एक नवे कलम घालण्यात आले. कारखान्यात वापरावयाची वस्तू जो रचितो, करतो, आयात करतो किंवा पुरवितो त्याने ती रचनेतच सुरक्षित असल्याची शक्य तेवढी खात्री करावी, असे ते कलम सांगत असे. ‘रचितो’ हे क्रियापद आधी आणि ‘करतो’ हे नंतर, हा शब्दक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्यांस विमा सक्तीचा केला. केंद्र सरकारला व सरकारी महामंडळांना निधी राखण्याच्या अटीवर सूट देण्याची तरतूद मात्र ठेवली. राजाने आपल्यासाठी एक दार उघडे ठेवलेच.

२००१ साली शस्त्रास्त्रांची निर्मिती भारतीय खाजगी उद्योगाला खुली झाली, आणि त्याबरोबर १८६१ च्या कसोटीतील पायाच सरकला. जे काम खाजगी व्यक्ती करू शकते ते काम आता काडतूस करणे हेही झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर येथील एका खाजगी कंपनीने, संरक्षण संशोधन संस्थेच्या आराखड्यावर तयार केलेले हातगोळे सैन्याच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. खडकीचा काडतुसांचा कारखाना आणि १९४० साली निघालेला तेथीलच उच्च स्फोटकांचा कारखाना हे पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. कंपनीवर दावा लावता येतो. ती कितीही सरकारी असली तरी राजा नव्हे. आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या सहाव्या प्रकरणात ‘निर्माता’ या संज्ञेत वस्तूचा आराखडा करणाराही येतो, तर चौऱ्याऐंशीव्या कलमात निर्मितीतील दोष, आराखड्यातील दोष, तपशिलापासून ढळणे आणि सूचनांचा अभाव हे वेगवेगळे मोजले आहेत. अबू क्ली येथील चिकटलेला पत्रा या यादीत नेमका दुसऱ्या जागी बसतो.

खडकीच्या जुन्या रीतीला ही यादी परकी नाही. तिच्या नोंदवह्यांत हे सारे रकाने होतेच. अडचण निराळी आहे. जुन्या रीतीत आराखडा एकाचा, मोहर दुसऱ्याची, उत्पादन तिसऱ्याचे, साठवण चौथ्याची, असे काम वाटलेले होते आणि ही सर्व एकाच राज्याची अंगे असल्यामुळे त्यांच्यात दावा उद्भवत नसे. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टी.एन.टी. पाझरण्याचा प्रश्न त्यानंतर सार्वजनिक चर्चेत आला. हा पाझर तांत्रिकदृष्ट्या जुना परिचित आहे: टी.एन.टी.मधील अशुद्ध द्रव्ये उष्णतेने तेलकट होऊन बाहेर येतात, म्हणूनच तिच्या गोठणबिंदूची मर्यादा तपशीलपत्रात घातलेली असते. २०१९ च्या सुमारास दारूगोळ्याच्या अपघातांवरून सैन्य आणि तत्कालीन ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड यांच्यात जाहीर मतभेद झाले. सैन्याने दारूगोळ्याच्या दर्जाकडे बोट दाखविले; बोर्डाने साठवण, हाताळणी, तोफांची देखभाल आणि आराखड्यातील त्रुटी अशी इतर कारणे पुढे केली. दोन्ही बाजू एकाच राज्याच्या होत्या, त्यामुळे हा वाद न्यायालयात ठरला नाही.

आता तसे राहणार नाही. शिपाई या कायद्याने ‘ग्राहक’ ठरतो की नाही हे न्यायालयांना ठरवावे लागेल. पण केंद्र सरकार स्वतः तक्रारदार होऊ शकते ही तरतूद त्याच कायद्यात आहे. सरकारी मालकीच्या कंपनीविरुद्ध सरकारने, सरकारी संस्थेच्या आराखड्यातील दोषाबद्दल तक्रार करावी, अशी वेळ आली तर पुरावा म्हणून प्रथम मागितली जातील ती मोहरबंद तपशीलपत्रे आणि ती मान्य होताना ज्या शंका कोणी लेखी नोंदविल्या असतील ती टिपणे. १८५३ सालचे कर्नल टकर यांचे पत्र जपले गेले म्हणून आज वाचता येते. खडकीत आज आराखड्यावर मोहर लावताना जे टिपण फायलीत जाते ते कोणापर्यंत पोचते, आणि ज्याला आराखडा बदलता येतो त्याला ते वाचणे बंधनकारक आहे की नाही, हे त्या तपशीलपत्रांच्या मसुद्यांवरून पाहिले पाहिजे.